माद्रिदचा नाताळ: आधी २४ तारखेच्या रात्रीचं जेवण ठरवा

तिकीट, व्हिसा, प्रवास विमा हे तुम्ही करालच, त्यावर शब्द घालवत नाही. थंडीचं एकच सांगतो: माद्रिद सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा बरं जॅकेट न्या.

आता मुद्द्याचं. २४ डिसेंबरच्या रात्री माद्रिदमध्ये बाहेर कुठेतरी जेवू, असं गृहीत धरू नका. वांद्र्याला किंवा पणजीला त्या रात्री रस्ते फुललेले असतात, म्हणून आपल्याला वाटतं तिथेही तसंच असेल. तसं नसतं. स्पेनमध्ये ‘नोचेबुएना’ ही घरी जेवायची रात्र आहे. नऊ वाजता टीव्हीवर राजाचं भाषण होतं आणि मग घरोघरी पानं वाढली जातात. स्वयंपाकी आणि वेटरही आपापल्या घरी गेलेले असतात. फसगत होते ती दुपारमुळे. २४ला दुपारी एक ते सहा या वेळात ‘ला लातिना’ भागातल्या बारमध्ये उभं राहायला जागा नसते. ऑफिसची मित्रमंडळी, शेजारीपाजारी, सगळे ग्लास हातात घेऊन रस्त्यावर उतरलेले असतात. ते पाहून वाटतं, रात्री तर काय मजा असेल! आणि आठ वाजता त्याच गल्लीत एकजात शटर खाली. बस संध्याकाळीच थांबतात, मेट्रोही रात्री दहाच्या सुमाराला बंद होते ती थेट सकाळी सुरू होते. म्हणजे दूर कुठे काही उघडं सापडलं, तरी परत यायची पंचाईत.

मार्ग दोन. पहिला, हॉटेलमधल्या रेस्तराँमध्ये टेबल राखून ठेवणं. त्या रात्री ठरावीक मेनू असतो, किंमत नेहमीपेक्षा बरीच जास्त असते आणि पैसे बहुधा आगाऊ घेतात. नोव्हेंबर संपायच्या आत हे उरका. विचारायचं ते लेखी विचारा: वाइन धरून किंमत आहे का, मुलांचं वेगळं ताट आहे का, मांस-मासे न खाणाऱ्याला नेमकं काय देणार. ‘काहीतरी करू’ असं उत्तर आलं, तर दुसरं हॉटेल बघा.

दुसरा मार्ग म्हणजे स्वयंपाकघर असलेला फ्लॅट. मला हाच जास्त आवडतो, कारण बाजारहाटातच निम्मा सण असतो. पण सामान २३ तारखेपर्यंत घरात आलेलं हवं. २४ला सुपरमार्केट लवकर बंद होतात, २५ला उघडत नाहीत. मासे तर त्या आठवड्यात दिवसागणिक महागतात; माद्रिदचे लोक कोळंबी आधीच घेऊन फ्रीजरमध्ये टाकतात ते त्यामुळेच. इथला जुना नाताळी मासा म्हणजे ‘बेसुगो’. तो हवा असेल तर मंडईतल्या मासेवाल्याकडे आधी सांगून ठेवा. दुधावरच्या कोकराचा खांदा, म्हणजे ‘पालेतिया दे लेचाल’, खाटकाकडे मागा. साधारण माणशी एक खांदा धरा. वरून मीठ, खाली वाटीभर पाणी, १६० ते १७० अंशांवर दीड-दोन तास, शेवटची दहा-पंधरा मिनिटं आच वाढवून कातडी कुरकुरीत करायची. ट्रेमधलं पाणी आटू देऊ नका, नाहीतर मांस चामड होतं.

फ्लॅटवर पोचल्या पोचल्या शेगडी आणि ओव्हन चालवून बघा. काचेच्या शेगडीला बऱ्याचदा लहान मुलांसाठीचं लॉक असतं. कुलुपाच्या खुणेवर काही सेकंद बोट दाबून धरल्याशिवाय ती पेटत नाही. २४च्या रात्री घरमालकाला फोन करून हे विचारत बसू नका. वाइनचं बूच काढायचा स्क्रू आहे का तेही बघा, नसेल तर त्याच दिवशी आणा.

आणि २५ची दुपार? तीही ठरवा. लोक २४ची सोय करतात आणि २५ला रिकाम्या रस्त्यावर हिंडत बसतात. त्या दिवशी काही रेस्तराँ उघडतात, पण त्यांची टेबलं आधीच गेलेली असतात. काहीच जमलं नाही तर लावापिएस भागात जा. तिथे बांगलादेशी मंडळी चालवतात अशी भारतीय जेवणाची बरीच ठिकाणं आहेत आणि नाताळ हा त्यांचा घरचा सण नसल्यामुळे काही ना काही उघडं मिळण्याची शक्यता जास्त. पण हा शेवटचा आधार. पाव, अंडी, बटाटे, चीज, फळं एवढं तरी २३लाच घरात आणून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी नीट वाचा. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण हॅम आणि टूना पुष्कळांच्या लेखी मांसात येत नाही. ‘सिन हामोन, सिन आतून’ असं नाव घेऊन सांगा. ‘वेखेताल’, म्हणजे ‘भाज्यांचं’, अशा नावाच्या सँडविचमध्येही बहुधा टूना आणि अंडं असतं. मिक्स सॅलडवरही टूना येतो. क्रोकेता या तळलेल्या रोलमध्ये बहुतेक वेळा हॅम. नाताळातली लाल कोबीची भाजी, ‘लोम्बार्दा’, सफरचंद घालून सुरेख होते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का ते विचारा. पोल्व्होरोन आणि मान्तेकादो या भुसभुशीत मिठाया पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. पाकिटावर ‘मान्तेका दे सेर्दो’ दिसलं की ठेवून द्या. तुर्रोन या नाताळी मिठाईत बदाम, मध, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग असतो: आलिकान्तेचा कडक, खिखोनाचा मऊ. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, हा हक्काचा आधार. पिमिएन्तोस दे पाद्रोन, म्हणजे तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, त्यावर जाडं मीठ. एखादीच तिखट निघते.

वाइनमध्ये फार अडकू नका. रिओखा या प्रांतातल्या वाइनच्या बाटलीमागची पट्टी बघा: लाल म्हणजे क्रिआन्सा, किमान दोन वर्षं मुरलेली आणि त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात. कोकराबरोबर ती पुरेशी आहे. कोळंबी-माशांबरोबर आल्बारिन्यो ही पांढरी वाइन. हामोन आणि खारे बदाम असतील तर थंडगार मान्सानिया, म्हणजे कोरडी शेरी, जेवणाच्या आधी. चूक होते ती गोडाच्या वेळी. ‘ब्रूत नातूरे’ कावामध्ये, म्हणजे स्पेनच्या फेसाळ वाइनच्या या प्रकारात, साखर नावाला असते, तुर्रोनच्या घासावर ती आंबट लागते. तिथे सेमीसेको, म्हणजे थोडी गोड कावा किंवा मोस्कातेल ही गोड वाइन घ्या. हीटरच्या खोलीत लाल वाइन फार कोमट होते. उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाल्कनीत ठेवा. दुकानात रात्री दहानंतर दारू विकायला बंदी आहे आणि रस्त्यात बाटली उघडून पिणं दंडाला पात्र आहे.

दिवसा काय खायचं ते सोपं आहे. प्लासा मायोर या चौकाच्या आजूबाजूला कालामारी, म्हणजे तळलेली माकूल भरलेला पाव, दुपारी जेवणाआधी पिंपाच्या नळातून ओतलेलं व्हर्मुथ (मसालेदार वाइन), रात्री उशिरा सान खिनेसला चुर्रो (तळलेल्या पिठाच्या कांड्या) आणि दाट चॉकलेट. हे दुकान १८९४ पासूनचं. रांग दिसली तरी पुढे सरकते. जेवणाची वेळ दुपारी दोननंतर, रात्री नऊनंतर. सातला जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद असेल.

३१ तारीख. मध्यरात्री पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे बारा ठोके पडतात, दर ठोक्याला एक, अशी बारा द्राक्षं खायची. आधी घाईघाईने चार जोडठोके पडतात, ते पाव तासांचे. तेव्हा खायचं नाही. मग दर तीन सेकंदाला एक. १९८९ साली टीव्हीवरच्या निवेदिकेचाच इथे गोंधळ झाला होता. बिनबियांची, लहान द्राक्षं निवडा. बाराच्या मोजणीचे डबेही मिळतात. लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, उभे चार तुकडे करा, घशात अडकतं. पुएर्ता देल सोलला जायचं तर लवकर जा, मर्यादा भरली की पोलीस आत सोडत नाहीत, काचेची बाटलीही नेऊ देत नाहीत. गर्दी नको असेल तर ३०च्या रात्री तिथेच ठोक्यांची रंगीत तालीम होते, ती गाठा. आणि हो, ३१चं जेवणही आधीच राखून ठेवा, १ जानेवारीला पुन्हा सगळं बंद.

५ जानेवारीला संध्याकाळी बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची मिरवणूक, ६ला रोस्कोन, म्हणजे कड्याच्या आकाराचा गोड पाव. चांगल्या बेकरीत आधी सांगून ठेवा, साधारण अर्ध्या किलोचा चौघांना होतो. आत वाल असतो, दात सांभाळा. ज्याला तो मिळेल त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे. ६लाही सुट्टी.

परतताना वाइन चेक-इन बॅगेत. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या.

२४चं आणि २५चं ठरलं ना? नसेल तर आत्ता फोन लावा.