उन्हाळी परसबागेसाठी देशी बियाणं निवडताना या चुका टाळा

‘गावरान आहे ना, मग कुठंही येईल’ असं समजून बी निवडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गावरान वाण कुठल्या तरी एका गावचं असतं. कुणीतरी त्याच मातीत, त्याच हवेत दरवर्षी चांगल्या झाडाचं बी राखत ते घडवलेलं असतं, आणि त्याचा काटकपणा त्या हवेपुरता खरा असतो. थंड भागात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं वाण तुमच्या कडक उन्हात मान टाकू शकतं. म्हणून नाव आणि फोटो बघण्याआधी बी कुठून आलं ते विचारा.

टोमॅटोत हे चटकन दिसतं. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढं गेलं किंवा रात्रीही २४ अंशांच्या खाली उतरलं नाही, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं गळतात. मोठ्या, मांसल फळांच्या जुन्या वाणांना याचा त्रास जास्त. चेरीएवढ्या फळांची वाणं उकाड्यातही बऱ्यापैकी फळ धरतात. फुलगळ दिसली की अनेकजण घाईनं खत वाढवतात. तसं करू नका. जास्त नत्रानं पाला माजतो, फुलं गळायची थांबत नाहीत. दुपारी सावली द्या, पाणी नियमित ठेवा आणि पुढच्या वेळी वाण बदला.

बी कोणत्या हंगामाचं, हे न विचारणं

मी एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या वालाचं बी टोकलं. वेल मांडवभर पसरला, पण कळी एकही नाही. छाटणी केली, पाणी तोडलं, राख टाकली, काहीही फरक पडला नाही. पुढं दिवस लहान व्हायला लागले आणि तोच वेल फुलांनी लदबदला. वाल, चौधारी घेवडा यांची बरीच जुनी वाणं रात्र मोठी झाल्याशिवाय फुलावर येतच नाहीत. दोष बियाण्याचा नव्हता, मी चुकीच्या महिन्यात पेरलं होतं. तेव्हापासून बी देणाऱ्याला मी ‘वाण चांगलं आहे का?’ असं विचारत नाही. ‘तुम्ही पेरता कधी आणि शेंग कधी लागते?’ एवढंच विचारते. या उत्तरात सगळं कळतं.

पालक, मुळा, कोथिंबीर यांचंही तसंच. उन्हाळ्यात पानं खायला मिळण्याआधीच ती फुलावर येतात. लेट्यूसचं बी तर माती फार तापली की उगवतच नाही.

वेलभाज्यांचं कसलंही बी धरणं

इथं मात्र जिवाशी गाठ आहे, म्हणून नीट वाचा. काकडी, दुधी, दोडका, भोपळा यांच्यात परागीकरण मधमाश्या आणि इतर कीटक करतात. शेजारी त्याच जातीचा रानटी किंवा शोभेचा वेल असेल, तर बियाण्यात भेसळ होते. फळाचा गर आईवेलाचाच असल्यामुळं त्या वर्षी काहीच कळत नाही. भेसळ दिसते ती पुढच्या वर्षी. अशा बियाण्याच्या फळात कुकुरबिटासिन हे कडू विष जास्त असू शकतं. दुधी, भोपळा किंवा काकडीचा तुकडा चाखताना कडू लागला तर लगेच थुंका आणि ते फळ फेकून द्या. शिजवून हे विष जात नाही. उलट्या, जुलाब, कधी रक्ताच्या उलट्याही होतात. (पाण्याच्या ताणानंही काकडी कडू होते, पण खाण्याच्या बाबतीत नियम तोच.) खतखड्यात आपोआप उगवलेल्या भोपळ्याचा मोहही यासाठीच टाळावा.

म्हणून वेलभाजीचं बी घेताना त्याच्या आजूबाजूला काय लावलं होतं, परागीकरण हातानं केलं होतं का, हे विचारायचंच. स्वतः करणार असाल तर उमलायच्या बेतातल्या नर आणि मादी कळ्या आधीच दोऱ्यानं बांधून ठेवाव्या लागतात. भोपळ्याची फुलं पहाटे उघडतात, दुधीची संध्याकाळी, तेव्हा वेळ पाळा.

नवख्यानं सुरुवात टोमॅटो आणि चवळीपासून करावी. त्यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतात, त्यामुळं वाण शुद्ध राहतं. मिरची, वांगं, भेंडी मधल्या पायरीवर. तिथं कीटक थोडीफार सरमिसळ करतात.

पाकिटावरच्या शब्दांना भुलणं

‘सेंद्रिय’ म्हणजे देशी नव्हे, संकरित बीही सेंद्रिय पद्धतीनं तयार होतं. पाकिटावर ‘एफ-१’ असेल तर ते संकरित. त्याचं बी धरलं तर पुढची झाडं सारखी येणार नाहीत.

जुनं बी न तपासता पेरणं

कांद्याचं बी वर्षभरातच कमजोर होतं, भेंडीचं साधारण दोन वर्षं चालतं, टोमॅटो आणि काकडीचं कोरड्या जागी ठेवलं तर चार-पाच. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सात-आठ उगवल्या तर निश्चिंत पेरा, पाचाच्या खाली असतील तर नवं बी आणा. मिरचीला मात्र दोन आठवडे द्या, ती मुळातच सावकाश उगवते. बी जपायचं तर आधी पूर्ण वाळवा आणि मग हवाबंद बरणीत घालून गार जागी ठेवा. ओल राहिलेलं बी फ्रिजमध्ये ठेवूनही टिकत नाही.

बऱ्याच जुन्या वाणांत मर रोगाला आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तोंड देण्याची ताकद नसते. मागच्या वर्षी उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील, तर त्या वाफ्यात देशी टोमॅटो लावू नका. कुंडीत ताज्या मातीत लावा.

आणि पुढच्या उन्हाळ्याचं बी हंगामाच्या शेवटी उरल्यासुरल्या फळांतून काढू नका. तसं केलं तर उशिरा फळणाऱ्या झाडांचंच बी हाती येतं. ऐन उन्हात ज्या निरोगी झाडानं चांगलं फळ धरलं, त्याच्या फळाला तेव्हाच लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते भाजीत जातं.