या चुका टाळा: मुलांच्या विचारांशी वाद घालू नका

‘मी नापासच होणार,’ असं एखादी मुलगी म्हणाली की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘असं बोलू नये, तू हुशार आहेस!’ झालं समुपदेशन. शाळेत सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला मदत करणारी उपचारपद्धती, वापरताना मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक. १९६०च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी ही पद्धत मांडली ती गोड विचार करायला नव्हे, विचार तपासून पाहायला. म्हणून धीर देण्याआधी विचारा: नापास कोणत्या विषयात? मागच्या तीन चाचण्यांत काय झालं? हेच तुझी मैत्रीण म्हणाली असती, तर तू तिला काय सांगितलं असतंस? उत्तर तिचं तिला सापडू द्या. आणि ती खरंच गणितात मागे आहे असं निघालं, तर तिला गणित शिकवणारं कुणीतरी हवं, विचार बदलणारं नको.

चिडवण्याचंही तसंच. मुलं खरोखर छळत असताना ‘तुला उगाच तसं वाटतं’ म्हणणं क्रूर आहे. आधी छळ थांबवा, विचार तपासायचे तक्ते नंतर.

दुसरी चूक मायेपोटी होते. मुलगा वर्गात मोठ्याने वाचायला घाबरतो, म्हणून शिक्षक त्याला कायमची सूट देतात. त्या दिवशी तो सुटतो, पण ‘टाळलं म्हणून बचावलो’ हेच त्याच्या मनात पक्कं बसतं आणि भीती मुरत जाते. याउलट, एकदम वर्गासमोर उभं करणंही चूकच. पायऱ्या करा: आधी फक्त शिक्षकांसमोर दोन ओळी, मग एका मित्रासमोर, मग चौघांत, शेवटी वर्गात. दर वेळी वाचण्याआधी आणि नंतर भीतीला ० ते १० पैकी किती गुण, हे त्यालाच ठरवू द्या. आकडा उतरेपर्यंत पायरी बदलू नका.

विचार-भावना-वर्तनाचा तक्ता (मनात काय आलं, कसं वाटलं, काय केलं हे लिहायचा) सात-आठ वर्षांच्या मुलाला देऊ नका. चित्रातल्या माणसाच्या डोक्यावरचा विचारांचा रिकामा फुगा भरायला द्या. मोठ्या मुलांचा तक्ता कोरा परत येत असेल, तर त्याला ‘गृहपाठ’ म्हणणं आधी बंद करा. त्या शब्दानेच निम्मी मुलं गळतात, असा माझा दाट संशय आहे.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नका. मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर आत्महत्येबद्दल थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. तिथे तक्त्यांचं काम नाही.