रानपिंगळ्याची गणना करताना या चुका टाळा

१८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. तोरणमाळ आणि यावलचे सागाचे जंगल आज त्याच्या मोजक्या ठिकाणांपैकी आहे. तेथील गणनेत काही चुका वारंवार होतात.

घुबडाच्या कुळातला म्हणून त्याला रात्री शोधणे ही पहिली चूक. हा पक्षी दिवसा वावरतो, म्हणून सकाळचे पहिले काही तास गणनेला द्यावेत. ओळखीतही गफलत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात आणि जंगली पिंगळ्याच्या अंगभर आडव्या पट्ट्या; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी आणि पोट पांढरे असते.

पक्ष्याने उत्तर द्यावे म्हणून त्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवली की शेजारच्या हद्दीतली जोडीही पुढे सरकते आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा मोजली जाते. हाक थोडाच वेळ वाजवावी, उत्तर येताच थांबवावी आणि घरट्यासाठी वापरलेल्या ढोलीजवळ (झाडाच्या पोकळीजवळ) ती मुळीच वाजवू नये. दोन ठिकाणांहून एकाच वेळी उत्तर आले, तरच दोन निरनिराळे पक्षी निःशंकपणे धरता येतात.

सर्वांत मोठी चूक मात्र आकडे वाचताना होते. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतो, आणि विरळणी किंवा तोड झालेल्या कूपात (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या भागात) नजर लांबवर पोहोचते. त्यामुळे एका वर्षी नोव्हेंबरात व पुढच्या वर्षी मार्चमध्ये मोजणी केली, तर वाढलेला आकडा पक्ष्यांचा नसून उघड्या पडलेल्या फांद्यांचा असू शकतो. महिना, वेळ आणि थांबण्याचा अवधी दरवर्षी तोच ठेवावा. कक्षाचा (वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) क्रमांक, शेवटच्या तोडीचे वर्ष आणि उभ्या ढोलीदार झाडांची संख्याही वहीत लिहावी. हा शेवटचा रकाना बहुधा कोराच राहतो, आणि घरट्यांचा प्रश्न नेमका तिथेच असतो.

एका फेरीत पक्षी न आढळल्यास ‘नाही’ असे लिहून मोकळे होऊ नये. एका फेरीत तो आढळण्याची शक्यता निम्मी असेल, तर सारख्या परिस्थितीतील तीन स्वतंत्र फेऱ्यांत तो सतत हुकण्याची शक्यता एक अष्टमांश उरते. म्हणून प्रत्येक ठिकाणी थोड्या दिवसांच्या अंतराने किमान तीन फेऱ्या कराव्यात आणि पक्षी न आढळलेली फेरीही तारखेसह नोंदवावी.