खरिपातला सर्पदंश: अनंतमूळ बांधावर असू द्या, जखमेवर नको

मृगाचा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरडी जागा धरतात. बांधाचे दगड, गोठ्यातला कडबा, सरपणाचा ढीग. उंदीर जिथे, साप तिथे. लावणी-खुरपणीपासून सोयाबीनच्या गंज्या हलवेपर्यंत आपले हात नेमके त्याच जागी जातात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: "अनंतमुळाने विष उतरतं म्हणतात, खरं का?" प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. अनंतमूळ म्हणजे आपली उपळसरी. तिच्या मुळांतून कोलकात्याच्या संशोधकांनी एक बेंझॉइक आम्ल वेगळं काढलं आणि १९९०च्या दशकात घोणसाच्या विषावर तपासलं. उंदरांमध्ये रक्तस्राव कमी झाला, प्रतिविषाचा, म्हणजे दवाखान्यात सर्पदंशावर देतात त्या इंजेक्शनचा, परिणामही वाढलेला दिसला. म्हैसूरला चिंचोक्याच्या अर्काने घोणसाच्या विषातली काही विकरं (एन्झाइम) अडवली. माक्यातल्या वेडेलोलॅक्टोन नावाच्या द्रव्यावर ब्राझीलमध्ये काम झालं, पण ते तिकडच्या रॅटलस्नेकच्या विषावर.

मग पाला वाटून का लावायचा नाही? अशा बहुतेक प्रयोगांत विष आणि अर्क आधी एकत्र कालवून ठेवतात आणि मग उंदराला टोचतात. शेतात असं होत नाही. विष आधीच अंगात गेलेलं असतं आणि त्याच्यामागे जायला अर्काला वाट नसते. पोटात घेतलेल्या काढ्यातलं नेमकं किती द्रव्य रक्तात पोचेल, याचाही भरवसा नाही. चिंचोक्यासारख्या तुरट पदार्थांतली टॅनिनं तर समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात, ते विषाचं असो की आपल्या शरीराचं. सर्पदंशावर माणसासाठी मान्यता मिळालेलं वनस्पतिजन्य औषध आज एकही नाही.

सापसंदीबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो. या वेलीतलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल प्रयोगशाळेत विषातलं एक विकर खरोखर अडवतं, म्हणूनच तिचं नाव झालं. पण तेच आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. घोणसाचं विष आधीच मूत्रपिंडावर घाला घालतं, त्यात हा काढा पाजायचा? मुळीच नाही.

जाणत्याच्या मुळीने बरे झालेले लोक गावोगाव भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना चावलेली धामण, दिवड किंवा कवड्या असते, नाहीतर नागाने दात लावूनही विष सोडलेलं नसतं. अशा वेळी काहीही लावलं तरी माणूस उठून बसतोच.

दंश झाला तर वेळ लक्षात ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून अवयव स्थिर ठेवा आणि माणसाला चालवू नका. गाडी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या, १०८ ला फोन करा. चिरा, चोखणं, आवळून बांधणं नको. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर ती वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडू द्या. साप मारून नेण्यात वेळ घालवू नका, कारण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. ते शिरेतूनच द्यावं लागतं, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकंच, कारण सापाने विष कमी सोडलेलं नसतं.

मण्यारीबाबत जास्त जपा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. याला अपचन समजून ओवा देत बसू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री पंप चालू करायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच. गवतात विळा घालण्याआधी काठीने आपटून घ्या. कोकणच्या कातळावर दगड उचलताना फुरशाची आठवण ठेवा.

अनंतमूळ लावायचं असेल तर जरूर लावा. मुळाला बाजार आहे, आणि रानातून उपटून आणण्यापेक्षा बांधावर वाढवलेलं केव्हाही चांगलं. विकताना मात्र 'सर्पदंशावर' असं सांगू नका.

आणि पेरणीची घाई सुरू होण्याआधी एक फोन करा: जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या आहेत का, रात्री डॉक्टर असतात का, कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे. मिळालेलं उत्तर आणि नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या पोरालाही ते वाचता येईल.