व्हीएम क्लोन केलीत? आधी मशीन-आयडी बघा
लिनक्सची एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) नीट सेट करायची आणि मग तिचेच क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रती, काढत सुटायचं, हे आपण सगळेच करतो, पण उबुंटू सर्व्हर असेल तर जरा थांबा. क्लोन करताना मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) नवीन घेतला तरी दोन्ही व्हीएमना डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, एकच आयपी मिळू शकतो, मग एसएसएच (दुरून लॉगिन) कधी हिच्यात जातं कधी तिच्यात. अंधेरीच्या ऑफिसात माझी अख्खी संध्याकाळ यात गेलीय, शेवटच्या विरार लोकलची वेळ झाली तरी मी राउटरच तपासत होतो.

कारण असं की उबुंटू सर्व्हरमधलं नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला ओळख म्हणून मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून (प्रत्येक लिनक्स इन्स्टॉलेशनचा वेगळा असायला हवा असा ओळख नंबर) बनवलेला नंबर देतं, आणि क्लोनमध्ये मशीन-आयडी जसाच्या तसा येतो ना. म्हणून क्लोनमधली ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, डिलीट नको, नुसती रिकामी, आणि रीबूट मारा, नवीन आयडी आपोआप बनतो. नाहीतर नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायरला मॅक लिहा.

नेटप्लॅनची फाइल बदलली की थेट ‘नेटप्लॅन अप्लाय’ कमांड देऊ नका, ‘नेटप्लॅन ट्राय’ द्या. कनेक्शन तुटलं आणि तुम्ही कन्फर्म केलं नाहीत तर १२० सेकंदांनी जुनी सेटिंग परत येते, घरून काम करणाऱ्यांसाठी तर हे फारच मोलाचं.

हां, व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साध्या नॅटवर (व्हीएमला होस्ट कॉम्प्युटरच्या आयपीमागून नेटवर नेणारी सोय) सगळ्याच व्हीएम १०.०.२.१५ दाखवतात, ते बरोबरच आहे, प्रत्येकीचं नॅट वेगळं असतं. त्यांना एकमेकींशी बोलायचं असेल तर दुसरं नेटवर्क कार्ड होस्ट-ओन्लीवर (फक्त होस्ट आणि त्याच्या व्हीएममधलं नेटवर्क) लावा.