सुतारकामाच्या जुन्या यंत्रांचा आणि सुट्या भागांचा भाव कसा ठरवावा

सुतारकामाचे जुने यंत्र विकायला काढणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच आकडे असतात. एक तसल्याच नव्या यंत्राची किंमत आणि दुसरा भंगारवाल्याने वजनावर सांगितलेला भाव. खरा भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो एवढे सांगून काहीच हाती लागत नाही, कारण मधले अंतर फार मोठे आहे. हिशेब असा मांडावा: त्याच मापाचे, चालू स्थितीतले आणि एकही भाग न हरवलेले दुसरे जुने यंत्र अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकले गेले तो आकडा घ्यावा, आणि आपले यंत्र त्या स्थितीला आणण्यासाठी घेणाऱ्याला जो खर्च आणि जी खटपट करावी लागेल ती त्यातून वजा करावी. येथे ‘विकले गेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जाहिरातीत लिहिलेला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते, आणि सहा महिने तशीच पडून असलेली जाहिरात हा त्या भावाला गिऱ्हाईक नसल्याचाच पुरावा असतो.

या हिशेबात यंत्राच्या वयाला जवळजवळ स्थान नाही, हे पुष्कळांना पटत नाही. हातरंध्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे संग्राहक असतात, आणि स्टॅनली या अमेरिकन कंपनीचा इवलासा क्रमांक १ चा रंधा रोजच्या कामाच्या क्रमांक ४ च्या कित्येक पट भावाला जातो. पण दोनशे किलोंची करवत कोणी कपाटात मांडून ठेवत नाही. ती घेणारा मनुष्य लाकूड कापण्यासाठी घेतो, म्हणून ती किती जुनी आहे यापेक्षा ती किती पुरी आहे याचेच तो पैसे देतो.

पहिले काम यंत्र ओळखण्याचे. नेमप्लेट बहुधा तेलकट मळाखाली दडलेली असते. तारेच्या ब्रशने ती घासली तर ठोकलेले आकडेही पुसट होतात, म्हणून रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी तिच्यावर काही वेळ ठेवून मळ फुगू द्यावा आणि मग लाकडी काडीने हलकेच कोरून काढावा. प्लेटवरचे नाव काळही सांगते. डेल्टा या अमेरिकन कंपनीची युनिसॉ ही टेबलावरची करवत (टेबल सॉ) १९३९ साली बाजारात आली आणि १९४५ साली डेल्टा रॉकवेल कंपनीकडे गेली, त्यामुळे ज्या प्लेटवर रॉकवेलचे नाव आहे ते यंत्र त्यानंतरचे, हे उघड आहे. इंग्लंडमधील लेस्टरची वॉडकिन किंवा अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्सची ऑलिव्हर ही नावे भाव टिकवून धरतात. याला कारण नुसती कीर्ती नव्हे. ही यंत्रे कारखान्यात दिवसभर चालवण्यासाठी जड बिडाची (ओतीव लोखंडाची) घडवलेली होती, आणि त्यांची दुरुस्ती करणारे जाणकार आजही आहेत. मात्र मोठ्या नावाच्या कंपन्यांनी हौशी लोकांसाठी हलकी यंत्रेही काढली आहेत. अशा वेळी नाव वाचून भाव सांगू नये, मॉडेल वाचून सांगावा.

त्यानंतर बीड तपासावे. भाव येथेच घडतो किंवा बिघडतो, म्हणून येथे घाई करू नये. टेबलाच्या कडा, बोल्टांच्या भोकांभोवतीची जागा आणि खालचे आधार यांवर बोट फिरवत जावे. लाकडी हातोडीने हलके ठोकले असता अखंड बीड खणखणते आणि तडा गेलेले बीड बद्द वाजते. एखाद्या ठिकाणी रंगाखालून पितळी रेघ डोकावत असेल तर तेथे कधीतरी तुटलेला भाग ब्रेझिंगने, म्हणजे पितळ वितळवून, जोडलेला आहे असे समजावे. चांगला जोड वर्षानुवर्षे टिकतो, पण तो लपवून विकता येत नाही आणि लपवूही नये. सरफेस प्लेनर (लाकडाची बाजू सपाट करणारे यंत्र) असेल तर एक लांब, खात्रीची सरळपट्टी पात्यांच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टेबलांवर लांबीच्या दिशेने ठेवून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, फट मोजावी. टेबलाची टोके खाली झुकली असतील तर पाचर किंवा पातळ पत्रा घालून ती उचलता येतात, पण टेबलालाच पीळ बसला असेल तर ते मशीनवर पुन्हा तासून घ्यावे लागते, आणि तो खर्च सगळ्या भावाला गिळू शकतो.

करवतीच्या आर्बरची, म्हणजे पाते बसते त्या दांड्याची, तपासणी दोन मिनिटांची असते. पट्टा काढून आर्बर हाताने फिरवावा. बेअरिंगमध्ये खरखर लागली तरी घाबरू नये, कारण बहुतेक बेअरिंगे प्रमाणित मापाची असतात आणि आजही सहज मिळतात. डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) आर्बरच्या कॉलरला, म्हणजे पाते टेकते त्या कड्याला, टेकवून एक पूर्ण फेरा दिला असता काटा ०.०५ मिलिमीटरहून बराच जास्त हलला, तर मात्र आर्बर वाकलेला असण्याची शंका घ्यावी. फार जुन्या यंत्रांत बॉल बेअरिंगच्या जागी बॅबिट नावाच्या पांढऱ्या धातूचे ओतीव बेअरिंग असते. ते वाईट नसते, उलट नियमित तेल मिळाले तर पिढ्यान्‌पिढ्या चालते. पण ते पुन्हा ओतणारा कारागीर सहज सापडत नाही, त्यामुळे असे यंत्र घेणारे गिऱ्हाईक थोडे असते. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भागही नीट पाहावेत. जुन्या काळच्या अशा धातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर तो आतूनच फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि हँडव्हील धरून जोर देताच त्याचा तुकडा बिस्किटासारखा हातात येतो. याला दुरुस्ती नाही, बदली भागच शोधावा लागतो.

मोटरीबाबत जुनी समजूत अशी की थ्री-फेज यंत्र म्हणजे अर्ध्या किमतीचे, कारण घरी बहुधा सिंगल-फेज वीजच असते. सिंगल-फेजवरून थ्री-फेज मोटर चालवणारी व्हीएफडी ही इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वस्त झाल्यापासून ही समजूत बरीच मागे पडली आहे. मोटरीची जोडणी व्हीएफडीकडून मिळणाऱ्या व्होल्टेजला बदलता येते की नाही हे प्लेटवरून पाहून जाहिरातीत लिहावे. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राची जळालेली मोटर ही मोठी अडचण नव्हे, कारण दुसरी बसवता येते. मोटर यंत्राच्या आतच घडवलेली असेल तर मात्र रिवाइंडिंगशिवाय (तारा पुन्हा गुंडाळून घेतल्याशिवाय) मार्ग नसतो.

आता सुट्या भागांकडे वळू. भाव सर्वांत जास्त पडतो तो छोटा, पण न मिळणारा भाग हरवल्यामुळे. टेबल सॉचे फेन्स (लाकूड टेकवण्याची सरळ पट्टी) आणि मायटर गेज (कोनात कापण्याचे मापक), बँड सॉचे (पट्टी-करवतीचे) वरचे गाइड, प्लेनरची पाती आवळून धरणाऱ्या पट्ट्या, लेथचा टेलस्टॉक (लाकडाचे दुसरे टोक धरणारा भाग) आणि हत्यार टेकवण्याच्या टूल रेस्टचा तळ हे भाग यंत्रापासून वेगळे होतात आणि नेमके तेच पुन्हा मिळत नाहीत. जुन्या लेथचा टूल रेस्टचा तळ ‘असेच काहीतरी लोखंड’ समजून मी एकदा भंगारात दिला. लेथ विकायची वेळ आली तेव्हा आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न त्याचाच केला, आणि शेवटी जो भाव आला तो मी मनात धरलेल्या भावाच्या निम्म्याच्या आसपास होता. तेव्हापासून यंत्र विकण्याआधी मी त्याच्या आजूबाजूचे सगळे डबे उपसतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की बंद पडलेल्या यंत्राचे सुटे भाग वेगवेगळे विकले तर एकंदर रक्कम पुष्कळदा अख्ख्या यंत्रापेक्षा जास्त भरते. सुरुवातीच्या युनिसॉच्या मोटरीवरचे अंड्यासारखे फुगीर झाकण हे याचे चांगले उदाहरण आहे. ते बऱ्याच यंत्रांवरून हरवलेले असते, म्हणून सुटे मिळाले की त्याला मागणी येते. पण ही बेरीज कागदावर जितकी गोड दिसते तितकी हातात येत नाही. हँडव्हील, प्लेट, फेन्स चटकन जातात, आणि तडा गेलेला जड सांगाडा अंगणात पडून राहतो. माझे मत असे आहे की मुख्य ओतीव भागच फुटला असेल तरच यंत्र मोडावे. पुरे आणि दुरुस्त होण्याजोगे यंत्र मोडणे हा तोट्याचा धंदा आहे, शिवाय अशी यंत्रे आता नव्याने होणार नाहीत.

सुटा भाग विकताना त्यावर ओतलेला क्रमांक आणि व्हर्नियरने घेतलेली मापे द्यावीत. आर्बर ५/८ इंचाचा आहे की ३० मिलिमीटरचा, लेथच्या स्पिंडलमध्ये (फिरत्या दांड्यात) मोर्स टेपर, म्हणजे निमुळत्या भोकाचे प्रमाणित माप, १ आहे की २, आणि बाहेरचे आटे १ इंच व्यासाचे व इंचाला ८ असे आहेत की आणखी काही, यावर लाकूड धरणारे आजचे चक आणि पाती बसणार की नाही हे ठरते. टेपर २ चे सामान मुबलक मिळते, त्यामुळे असा लेथ लवकर विकला जातो.

विक्रीपूर्वी रंग देण्याचा मोह आवरावा. ताजा रंग पाहिला की जाणत्या गिऱ्हाइकाला त्याखाली काय झाकले आहे असाच प्रश्न पडतो. शिवाय जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासणे धोक्याचे आहे. वरवरच्या गंजाने भाव फारसा उतरत नाही, खोल खड्ड्यांनी उतरतो. टेबल पुसावे, तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र थंड स्थितीतून सुरू होऊन पूर्ण वेग घेताना आवाजासह चित्रित करावे. त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणाने जितका विश्वास बसतो तितका रंगाच्या डब्याने बसत नाही.

काही गोष्टी भाव पाडतात आणि त्यावर विकणाऱ्याचा इलाज नसतो. चौकोनी कटरहेडचा (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचा) प्लेनर हात फार आत ओढतो, म्हणून तो वापरण्यासाठी सहसा कोणी घेत नाही, आणि घेऊ पाहणाऱ्याला ही गोष्ट आपण होऊन सांगावी. पुष्कळ जुन्या करवतींना पात्याबरोबर वर-खाली होणारी राइव्हिंग नाइफ (लाकूड पात्याला आवळू न देणारी पट्टी) नसते. आडव्या बाहूवर करवत सरकणाऱ्या रेडियल आर्म सॉची मागणी तर इतकी घटली आहे की चांगले यंत्रही थोडक्यात जाते.

शेवटचा खर्च उचलण्याचा. भाव सांगताना उचलणी कोणाची, यंत्र तळमजल्यावर आहे की जिन्याखाली, आणि ते उघडून नेता येते का, हे आधीच लिहावे, नाहीतर टेम्पो दारात उभा असताना घासाघीस पुन्हा सुरू होते. टेबल आणि मोटर उतरवून ठेवली तर दोन माणसांत काम होते. उतरवताना टेबलाखालच्या पातळ पट्ट्या कोणत्या कोपऱ्यातून निघाल्या ते चिकटपट्टीवर लिहून ठेवावे, सगळे बोल्ट एका पिशवीत घालावेत आणि ती पिशवी यंत्राच्या सांगाड्यालाच तारेने बांधावी.