पैठण ते पंढरपूर पायी: फोड टाळायचे तर

नाथांच्या पालखीसोबत ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठण सोडलं की आषाढ शुद्ध दशमीपर्यंत चालणं आहे. दमायला होतं ते नंतर. पहिल्या दोन-तीन दिवसांतच तळपायाला फोड येतात आणि चांगला धडधाकट माणूस दिंडीच्या टेम्पोत बसतो.

१. बूट महिनाभर आधी घ्या, तेही संध्याकाळी आणि अर्धा नंबर मोठे. चालून पाय सुजतात. त्याच बुटांनी रोज तासभर चाला.
२. पहाटे निघताना टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन चोळा.
३. मोज्यांचे तीन जोड ठेवा. ओला जोड सेफ्टी पिनने पिशवीला बाहेरून अडकवला की चालता चालता वाळतो. पाऊस पडला तर काळ्या मातीचा चिखल मोज्यात शिरतो, म्हणून विसाव्याला पाय धुऊन कोरडे पुसा, मगच दुसरा जोड.
४. कुठे चुरचुरलं की तिथेच थांबा आणि मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या मुक्कामी बघू’ म्हणालात की फोड आलाच म्हणून समजा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

तरी फोड आला तर सुईदोरा ओवून फोडू नका. शुगर असेल तर सरळ डॉक्टरांना दाखवा.